शिट्टीच्या आधी बोला

नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळच्या गाडीवर सकाळी तर्री-पोह्यांसोबत जो फुटबॉल खेळला जातो, त्यात फाउल फार होतात. युरोपातली मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते, साडेतीनला संपते. त्यानंतर ज्यांना झोप लागत नाही ते सातच्या सुमारास तिथे जमतात. मीही त्यातलाच. मागे एका मोठ्या क्लबच्या मॅनेजरने आपला हुकमी स्ट्रायकर आणि दोन मिडफिल्डर बाहेर बसवले, संघ हरला, आणि सकाळी एका पोराने प्लेट हातात घ्यायच्या आधीच सुरुवात केली, "त्याले बाहेर कायले बसवलं बे? म्यॅनेजर आहे का कोन आहे?" त्यावर दुसरा तितक्याच जोरात, "तुले जास्त समजते का त्याच्यापेक्षा?" पुढची चाळीस मिनिटं हीच दोन वाक्यं वेगवेगळ्या आवाजांत फिरत राहिली. क्लबचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की निम्मे वाचक इथेच बाजू घेऊन मोकळे होतील.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. खेळाडूंची फेरपालट करणं, म्हणजे पाळीपाळीने काहींना विश्रांती देणं, बरोबर आहे. पन्नास-साठ सामन्यांच्या हंगामात ती न करणारा मॅनेजर उधारीवर जगत असतो, आणि ती उधारी खेळाडूच्या गुडघ्यातून वसूल होते. याचा अर्थ मॅनेजर चुकत नाही असा नाही. तो चुकतो, कधी कधी भयंकर चुकतो, आणि त्याला बोल लावायचा हक्क पोह्याच्या गाडीवर उभ्या असलेल्या माणसालाही आहे. फक्त जे बोलायचं ते शिट्टीच्या आधी बोलावं. संघ जाहीर झाला त्या घटकेला जे माहीत होतं, तेवढ्यावर निवडीचा न्याय करावा. स्कोअर बघून शहाणपण कोणालाही येतं. त्यासाठी रात्रभर जागायचीही गरज नाही.

१४ एप्रिल १९९९ ची गोष्ट घ्या. बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेची सेमीफायनल, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल. तीनच दिवसांपूर्वी हेच दोन संघ एकशेवीस मिनिटं एकमेकांना भिडले होते आणि शून्य-शून्यवर सुटले होते, म्हणून ही रिप्ले. पुढच्या बुधवारी युनायटेडला तुरिनला जाऊन युव्हेंटसशी चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल खेळायची होती, मधल्या शनिवारी लीगचा सामना होताच. अॅलेक्स फर्ग्युसनने, म्हणजे युनायटेडच्या मॅनेजरने, संघ जाहीर केला. ड्वाइट यॉर्क आणि अँडी कोल ही त्या वर्षीची सगळ्यात धोकादायक जोडी सुरुवातीच्या अकरात नाही. रायन गिग्ज नाही. पॉल स्कोल्स नाही. समोर कोण, तर आदल्या वर्षी लीग आणि कप दोन्ही जिंकलेला आर्सेनल! आमच्या गाडीवर त्या सकाळी काय झालं असतं याची कल्पना करा.

मग सामना झाला. युनायटेडच्या बेकहॅमने गोल केला, आर्सेनलच्या बर्गकाँपने बरोबरी साधली, रॉय कीनला लाल कार्ड मिळालं, युनायटेड दहा जणांवर आला, आणि नव्वद मिनिटं सरता सरता आर्सेनलला पेनल्टी मिळाली. बर्गकाँपने मारली, युनायटेडचा गोलकीपर श्मायकेलने डावीकडे झेप घेऊन अडवली. एक्स्ट्रा टाइममध्ये, एकशेनवव्या मिनिटाला, दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून आलेल्या गिग्जने आपल्याच अर्ध्या मैदानात आर्सेनलच्या व्हिएराचा चुकलेला पास उचलला आणि दमलेल्या बचावफळीतून वाट काढत थेट गोलपर्यंत गेला. तो गोल आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. सगळे चेंडू किती चपळाईने वळवला ते पाहतात. माझी नजर त्याच्या पायांकडे जाते. समोरचे चार जण शंभर मिनिटांहून जास्त पळाले होते, तो पन्नासही नाही.

आता बर्गकाँपची ती पेनल्टी आत गेली असती तर? निर्णय तोच, त्यामागची कारणं तीच, बेंचवर बसलेली माणसंही तीच. पण तीन ट्रॉफ्या जिंकलेला तो हंगाम तिथेच मोडला असता, आणि यॉर्क-कोलला बाहेर बसवणारा फर्ग्युसन हा गर्विष्ठ म्हातारा ठरला असता. गोलकीपरचा हात कुठे पोहोचला, यावर मॅनेजरची अक्कल मोजायची का? आपण तेच करतो. जिंकला की "मास्टरस्ट्रोक", हरला की "पागल झाला का". आणि दोन्ही शब्द वापरणारा माणूस बहुधा एकच असतो.

फेरपालटीच्या विरोधकांकडे एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. फुटबॉल म्हणजे अकरा चांगल्या माणसांची बेरीज नव्हे. डाव्या बॅकला न बघता कळलं पाहिजे की त्याच्या पुढचा विंगर आत वळणार की बाहेर. ही ओळख सरावाने येते, सलग खेळून घट्ट होते, दर आठवड्याला चार माणसं बदलली की सुटते. पुरावाही आहे. १९८०-८१ साली रॉन साँडर्सच्या अॅस्टन व्हिलाने अख्ख्या लीगमध्ये फक्त चौदा खेळाडू वापरले, त्यातले सात जण बेचाळीसच्या बेचाळीस सामने खेळले, आणि संघ इंग्लंडचा विजेता ठरला. २०१५-१६ चा लेस्टर सिटी तर आजच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलाय. हंगामाआधी सट्टेबाज एकास पाच हजार भाव देत होते, आणि क्लाउडिओ रानिएरीने आपली अकरा माणसं शक्यतो हलवली नाहीत. हे दोन दाखले पुढे आले की समोरचा गप्प बसतो. मीही पूर्वी गप्प बसायचो.

पण व्हिलाच्या त्याच वर्षाकडे जरा दुसऱ्या बाजूने बघा. त्या हंगामात व्हिलाच्या मागे लागलेला संघ होता बॉबी रॉब्सनचा इप्सविच टाउन. लहान गावाचा क्लब, लहानच ताफा. लीगमध्ये दोनदा आणि एफए कपमध्ये एकदा अशी त्यांची व्हिलाशी तीनदा गाठ पडली, आणि तिन्ही वेळा इप्सविच जिंकला. एफए कपमधून व्हिला पहिल्याच फटक्यात बाहेर पडला, युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धांत तो त्या वर्षी नव्हताच. सगळे धरून त्याचे सामने झाले सेहेचाळीस. इप्सविच लीगमध्ये होता, एफए कपच्या सेमीफायनलपर्यंत गेला, यूएफा कप ही युरोपातली स्पर्धा तर त्याने जिंकलीच. त्याचे सामने झाले सहासष्ट. वीस सामने जास्त, माणसं जवळपास तितकीच. वसंत ऋतू येता येता इप्सविचचे पाय गळाले. शेवटच्या शनिवारी व्हिला आर्सेनलकडून हरला तरी विजेता ठरला, कारण त्याच वेळी इप्सविच मिडल्सब्रोमध्ये हरत होता. म्हणजे चौदा खेळाडूंनी लीग जिंकली हे खरंच. पण ज्याने त्यांना तीनदा हरवलं त्याला हरवलं कोणी? वेळापत्रकाने. व्हिलाला फेरपालटीची गरज पडली नाही, कारण त्याला सुट्टी कपमधल्या पराभवानेच मिळवून दिली होती.

लेस्टरचंही तेच. युरोप नाही, दोन्ही कपांतून लवकर बाहेर, एकूण सामने त्रेचाळीस. अशा वर्षात माणसं कशाला बदलायची? गंमत म्हणजे हाच रानिएरी चेल्सीत असताना इतके बदल करायचा की इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्याला "टिंकरमन" म्हणून हिणवलं होतं, सतत काहीतरी खुडबुड करणारा. बारा वर्षांनी तोच माणूस संघ न बदलण्याचं उदाहरण झाला. स्वभाव पालटला का त्याचा? मला वाटतं, त्याच्या हाती आलेलं वेळापत्रक पालटलं होतं. २०२४-२५ मध्ये चेल्सीने क्लब वर्ल्ड कप धरून चौसष्ट सामने खेळले. तिथे साँडर्सची चौदा माणसं घेऊन जा म्हणावं.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि न्यायाचा, आणि इथे माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही हे कबूल करतो. डिसेंबर २००९ मध्ये वुल्व्हजचा मॅनेजर मिक मॅकार्थी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर गेला तो गोलकीपर सोडून दहाच्या दहा माणसं बदलून. तीन-शून्यने हरला. लांबून तिकीट काढून आलेले वुल्व्हजचेच लोक स्टँडमधून पैसे परत मागत होते. लीगने क्लबला पंचवीस हजार पौंडांचा स्थगित दंड ठोठावला. मॅकार्थीचं गणित सरळ होतं: युनायटेडकडून बहुधा हरणारच, तर ताजे पाय रविवारच्या बर्नलीसाठी ठेवू. रविवारी बर्नलीला त्याने दोन-शून्यने हरवलं, हंगामाअखेर वुल्व्हज पंधरावे येऊन वाचले, बर्नली खालच्या लीगमध्ये गेले. हिशेबाने माणूस बरोबर निघाला. पण ज्याने मंगळवारी रात्री थंडीत उभं राहून तो सामना पाहिला, त्याला या हिशेबाचं काय? आणि युनायटेडशी पहिल्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्या दुसऱ्या क्लबने विचारलं, की आमच्यासमोर तुम्ही खरा संघ उतरवता आणि त्यांच्यासमोर राखीव, तर त्यालाही तोंड नाही. मी इतकंच म्हणेन की एकदम दहा बदलणं ही फेरपालट नाही, सामना सोडून देणं आहे. दोन-तीन माणसं पाळीपाळीने बसवणं आणि सगळं वावरच पडीक टाकणं यातला फरक आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

तिसरी गल्लत जास्त नुकसान करते, कारण ती दोन्ही बाजू करतात. विश्रांतीसाठी केलेला बदल आणि हुशारी दाखवायला केलेला बदल आपण एकाच टोपलीत टाकतो. २९ मे २०२१, पोर्तो, चॅम्पियन्स लीगची फायनल. मँचेस्टर सिटीचा मॅनेजर गार्डिओलाने रॉड्री आणि फर्नांडिन्हो दोघांनाही सुरुवातीला बाहेर ठेवलं, म्हणजे बचावाच्या पुढे रखवालदारच नाही. सिटी एक-शून्यने हरली. हा दाखला फेरपालटीविरुद्ध दरवेळी काढला जातो. पण त्यानंतर पुढचा सामनाच नव्हता! विश्रांती कोणासाठी द्यायची होती? ती फेरपालट नव्हतीच, तो डाव होता, आणि माझ्या मते चुकीचा डाव. स्कोअर कळल्यावर म्हणत नाही. संघ पडद्यावर आला तेव्हाच आमच्या खोलीत चार जणांनी कपाळावर हात मारला होता. रानिएरीने २००४ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये मोनॅकोचे दहाच खेळाडू उरलेले असताना एकामागून एक बदल करून सामना हातचा घालवला, तेही असंच. अशा चुकांवर खुशाल तुटून पडा. पण त्यांची शिक्षा त्या बिचाऱ्या मॅनेजरला देऊ नका, ज्याने गुरुवारी खेळलेल्या माणसाला रविवारी बसवलं.

शरीराबद्दल बोलायचं तर मला काटोलकडची माझ्या मामाची संत्र्याची बाग आठवते. संत्र्याला दोन बहार येतात, आंबिया आणि मृग. झाड दोन्ही वेळा फुलायला तयार असतं. शहाणा बागायतदार दोन्ही घेत नाही. एक निवडतो, त्याआधी पाणी तोडून झाड ताणावर सोडतो, म्हणजे त्याला थांबायला लावतो, मग भर देतो. दोन्ही बहारांचा मोह धरला तर दोन-तीन वर्षं पैसा दिसतो आणि मग झाड सलाइनवर. मामा म्हणायचा, "झाड नाही म्हनत नाही, म्हून तर आपल्याले म्हना लागते." खेळाडूचंही हेच. कोणता स्ट्रायकर मॅनेजरकडे जाऊन सांगेल की आज मला बसवा? त्याच्या वतीने नाही म्हणणारा कोणीतरी लागतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये रॉड्रीने उघड सांगितलं की सामन्यांची संख्या अशीच वाढत राहिली तर खेळाडू संपावर जातील, ती वेळ जवळ आली आहे. त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. एका दुखापतीवरून सिद्धांत मांडू नये. तो कॉर्नरच्या वेळी धक्काबुक्कीत पडला होता, आणि तसा ताजातवाना माणूसही पडू शकतो. पण सलग चार वर्षं लीग जिंकलेली सिटी त्या हंगामात तिसरी आली, हेही लक्षात ठेवा. एका माणसावर किती टेकू दिला होता ते तो टेकू निघाल्यावरच दिसलं.

माझा स्वतःचा अनुभव फार लहान आहे, पण अजून थंडीत दुखतो. आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा, भर पावसाळा, पाच दिवसांत चार सामने. मी लेफ्ट बॅक. आमच्या सरांचं एकच सूत्र, जिंकणारी टीम बदलायची नाही. बाहेर सहा पोरं कोरड्या जर्सीत बसलेली, आणि आत आम्ही अकरा जण बुटाला किलोभर काळी माती घेऊन चौथा सामना ओढतोय. फायनलच्या सत्तराव्या मिनिटाला माझ्या मांडीमागे काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि माझ्याच बाजूने गोल गेला. "जिंकणारी टीम बदलायची नाही" हे वाक्य ऐकायला फार मर्दानी वाटतं. आमची टीम जिंकणारी होती ती पहिल्या दोन सामन्यांपुरती. नंतर मैदानात होते ते फक्त तेच अकरा चेहरे.

मराठी माणसाच्या कुठल्याही वादात पानिपत येतंच, इथेही येऊ द्या. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारपर्यंत मराठे सगळ्या ताकदीनिशी भिडले होते, तेही अर्धपोटी. हाताशी राखीव फौज म्हणावी असं काही उरलं नव्हतं. अब्दालीने मात्र ताज्या दमाची माणसं मागे राखली होती, आणि ती त्याने दुपारी आत सोडली. सकाळी मैदानात सरस कोण होतं यावर आपण अडीचशे वर्षं भांडतोय. दुपारी उभं राहायला कोण उरलं होतं, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो.

फुटबॉललाही हे उशिराच कळलं. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडूच नव्हता. पाय मोडला तर दहा जणांनी खेळायचं. आधी एक बदली आली, तीही फक्त जखमी खेळाडूच्या जागी. वर्ल्ड कपमध्ये बदल्या आल्या १९७० साली. पाचांची सोय कोरोनाच्या काळात तात्पुरती म्हणून आली आणि २०२२ मध्ये नियमांत कायम झाली. पाच म्हणजे जवळपास निम्मा संघ. नियम बनवणाऱ्यांनीच मान्य केलंय की हा खेळ आता सोळा जणांचा आहे. आपण मात्र अजून "बेस्ट इलेव्हन" घोकतो, आणि बेंचवर बसणं म्हणजे अपमान असं समजतो.

हे आपल्या नागपुरात समजवावं लागावं याचं मला नवल वाटतं. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये इथेच झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून इथली पोरं होमलेस वर्ल्ड कपपर्यंत गेली. त्या स्पर्धेत मैदानावर प्रत्येक संघाचे चारच जण, दोन हाफ सात-सात मिनिटांचे, आणि बदल्या सतत चालू. आत गेलेला बाहेर येतो, बाहेर आलेला परत आत जातो. तिथे कोणी तोंड पाडून बाहेर येत नाही, कारण दोन मिनिटांत पुन्हा हाक येणार असते. आणि क्रिकेटवाल्यांनी तर बोलूच नये. २०१७-१८ ची रणजी फायनल, विदर्भाची पहिलीच. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर, आणि विदर्भाने आदित्य ठाकरे या पोराला थेट फायनलमध्ये पदार्पण करायला लावलं. तो नाइलाज होता, ठरवून केलेली फेरपालट नव्हती, मान्य. पण संघ इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवतो, गुरबानी हॅट्ट्रिक घेतो, याचा अर्थ बाहेर बसलेल्यांनाही कोणीतरी वर्षभर घडवत होतं. उद्या लागणारा माणूस आज बाहेर बसूनच तयार होत असतो.

राहिले ते दुसरे, "तुले जास्त समजते का" म्हणणारे. त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ते माझ्याच बाजूचे समजले जातात. मॅनेजरकडे खेळाडूच्या थकव्याचे आकडे असतात, सरावातली लंगड त्याला दिसते, आपल्याला नाही, खरं आहे. पण "त्याला कळतं" हे उत्तर नव्हे, तोंड बंद करायची पद्धत आहे. मॅनेजर बेनिटेझने लिव्हरपूलमध्ये सलग नव्व्याण्णव सामने दरवेळी आधीच्यापेक्षा वेगळा संघ उतरवला. नव्व्याण्णव! त्याच काळात त्याने इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगही जिंकली, इंग्लंडची लीग मात्र कधीच जिंकली नाही. त्या नव्व्याण्णवांतले किती बदल गरजेचे आणि किती सवयीचे, हे विचारायला पदवी लागत नाही. मधला कणा, म्हणजे गोलकीपर, सेंटर बॅक आणि होल्डिंग मिडफिल्डर, एकाच दिवशी मोडला का? बाहेर बसलेल्याला कारण सांगितलं का? पुढच्या सामन्यात तो ताजेपणा खरंच वापरला का? हे प्रश्न हरल्यावर जसे विचारता तसे जिंकल्यावरही विचारा, मग मी तुमच्या बाजूने ओरडेन.

आम्ही सात-आठ जण मोहननगरला ज्याच्याकडे मॅच बघतो, तिथे दोन महिन्यांपासून एक पद्धत पाडली आहे. संघ जाहीर झाला की ज्याला आक्षेप आहे त्याने चिठ्ठीवर लिहून सही करायची आणि स्टीलच्या डब्यात टाकायची. डबा उघडायचा सकाळी गाडीवर. ज्याची चिठ्ठी नाही त्याला त्या दिवशी निवडीवर बोलायचा हक्क नाही, फक्त पोहे खायचे. पहिल्या आठवड्यात डब्यात एकच चिठ्ठी निघाली, आणि ती माझी होती. त्यावर लिहिलं होतं, "नेहमीचा लेफ्ट बॅक बसवला ही चूक. हे पोरगं साठ मिनिटांच्या वर टिकत नाही." ते पोरगं पूर्ण वेळ पळलं, आणि जिंकून देणारा गोल त्याच्याच क्रॉसवर झाला. ती चिठ्ठी आता पोहेवाल्याकडे आहे, गल्ल्यावरच्या काचेखाली. मी दिसलो की तर्री वाढता वाढता विचारतो, "काका, आज लेफ्ट बॅक कोन आहे?"